परीक्षेला बसलेल्या नोटा

नाणे वाजवून घ्यावे, असे आपले वाडवडील सांगत आले. त्या एका व्यवहारी सवयीने मराठी भाषेला केवढी शब्दसंपत्ती दिली! एखाद्याचे बोलणे खणखणीत असते, एखादा माणूस म्हणजे बंदा रुपया असतो, एखाद्याचे नाणे बद्द वाजते, आणि घराण्याच्या नावाला कधीतरी बट्टा लागतो. यांपैकी बट्टा हा शब्द महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या आपल्या घरांच्या विशेष परिचयाचा. बडोद्याचा बाबाशाही, निजामाचा हाली सिक्का आणि इंग्रज सरकारचा कलदार हे तिन्ही रुपयेच. परंतु एक देऊन दुसरा घ्यावयाचा झाला की सराफ मधला बट्टा कापून घेई. हाली सिक्क्याचे सात रुपये मोजावेत, तेव्हा कलदाराचे सहा हाती पडत. नाव एक आणि मोले दोन, अशी ती स्थिती होती.

नोट मात्र वाजत नाही. तिच्यासाठी भाषेने फार तर ‘करकरीत’ एवढा एकच शब्द राखून ठेवला आहे, आणि तोही ती कोरी असेतोवरच. पुढे ती मऊ पडते, मळते, घडीवर विरते. तरीही आपण ती घेतो, कारण तिच्यावर लिहिलेल्या वचनावर आपला विश्वास असतो. हा विश्वास जरी सरकारच्या वचनावर असला, तरी तो वाहून नेण्याचे काम बिचाऱ्या कागदालाच करावे लागते. मग तो कागदच बदलावयाचा झाला तर? नवा कागद, नवी शाई, नवा लेप यांची पारख कोणी करावयाची, आणि ती कोठे करावयाची? प्रत्येक देशाच्या टांकसाळीपुढे आणि छापखान्यापुढे हा प्रश्न केव्हा ना केव्हा उभा राहिलेला आहे. त्याच्या उत्तरासाठी ज्या नोटा मुद्दाम छापल्या गेल्या, त्या उमेदवार नोटांची हकीकत या महिन्यात वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम एक खुलासा. नोटेचा कागद म्हणताना आपण कागद हा शब्द थोडा सैलपणे वापरतो. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो. नोटेचा कागद हा वास्तविक वस्त्राचा भाऊबंद होय. आपल्या नोटांचा कागद कापसाचा असतो, तर अमेरिकेच्या डॉलरात ७५ टक्के कापूस आणि २५ टक्के लिनन, म्हणजे जवसाच्या खोडाचे धागे असतात. सदऱ्याच्या खिशात विसरलेली नोट धुण्यातून बाहेर पडते तेव्हा ती ओली आणि केविलवाणी दिसते खरी, पण तिचा लगदा झालेला नसतो. त्याचे कारण हेच की ती मुळात कापसाची आहे. तिच्या जागी वर्तमानपत्राचा तुकडा असता तर खिशातून भुगाच काढावा लागला असता.

अशा या कागदाची परीक्षा प्रयोगशाळेत फार निष्ठुरपणे होते. कागदाची एक पट्टी यंत्रात ताणून धरतात आणि एकाच रेषेवर पुढे-मागे, पुढे-मागे दुमडत राहतात. पट्टी तुटेपर्यंत किती वेळा दुमडली गेली तो आकडा म्हणजे तिचे आयुर्बल. दुसऱ्या यंत्रात नोटेची गुंडाळी करून ती चुरगाळतात, उलगडतात, पुन्हा चुरगाळतात. तिला ओढून फाडतात. साबणाच्या पाण्यात, तेलात, आम्लात आणि कृत्रिम घामात बुडवतात. प्रखर उजेडात ठेवून तिचा रंग उडतो काय हे पाहतात. छापखान्यांची यंत्रे आणि शाई बनविणारे कारखाने यांच्या स्वतःच्या परीक्षा-नोटाही असतात. त्यांवर किंमत नसते, कोणत्याही देशाचे नाव नसते, राजा किंवा राष्ट्रपुरुष तर नसतोच. एका प्रसिद्ध युरोपीय यंत्रनिर्मात्याने आपल्या यंत्रांची करामत दाखविण्यासाठी छापलेल्या नोटेवर ज्यूल व्हर्न या कादंबरीकाराची छबी होती. चंद्रावरच्या सफरीची कल्पना करणाऱ्या लेखकाला जेथे काहीच विकत मिळत नाही अशा नोटेवर बसविणे, यात औचित्य आहे असे आम्हांस वाटते.

कधीकधी परीक्षा ठरवून होत नाही, ती येऊन कोसळते. २० मे १९२२ रोजी ‘इजिप्त’ नावाची आगबोट इंग्लंडहून मुंबईकडे निघाली असता फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ धुक्यात दुसऱ्या बोटीशी टक्कर होऊन बुडाली. तिच्या पोटात सोने-चांदी तर होतीच, शिवाय इंग्लंडमध्ये छापलेल्या हैदराबाद संस्थानच्या नोटाही होत्या. त्यांवर अधिकाऱ्याची सही व्हावयाची होती. सुमारे चारशे फूट खोल पाण्यातून हा ऐवज काढण्याची विद्या त्या काळी नवीनच होती. इटालियन पाणबुड्यांनी ती साधली आणि १९३२ मध्ये सोने वर येऊ लागले. त्याबरोबर त्या नोटाही वर आल्या. दहा वर्षे समुद्राच्या तळाशी राहून त्यांचे रंग विटले, कडा झिजल्या. परंतु त्या नोटा आहेत हे ओळखू येत होते, आणि पुढे त्या संग्राहकांच्या हाती गेल्या. कागदाची याहून कठोर परीक्षा कोणत्या प्रयोगशाळेने घेतली असती? मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. समुद्र नोटेला भिजवतो. तो तिची घडी घालून कनवटीला खोचत नाही, मासळीच्या हाताने ती धरीत नाही, की देवापुढे ठेवून तिला हळदकुंकू वाहत नाही. ते सर्व बाजारात होते. म्हणून प्रयोगशाळेत उत्तीर्ण झालेल्या नोटेला शेवटी बाजाराच्या परीक्षेला बसावेच लागते.

आणि येथेच खरी अडचण सुरू होते. बाजारात सोडलेली परीक्षा-नोट ही काही नमुन्याची नोट नव्हे. ती खरी, चलनी, किंमत असलेली नोट असते. तिच्याकडून दोन परस्परविरोधी अपेक्षा असतात. परत आली की ती छापखान्याला ओळखू यावी, म्हणजे ती किती टिकली याचा हिशेब मांडता येईल. पण घेणाऱ्या-देणाऱ्याला मात्र ती ओळखू येऊ नये, म्हणजे तो तिला इतर नोटांसारखीच वागवील. नव्या सुनेला सासरच्यांनी न्याहाळावे, पण न्याहाळतो आहोत हे तिला कळू देऊ नये, तशातला हा प्रकार.

अमेरिकेने हा प्रकार १९३० च्या दशकात बऱ्यापैकी साधला होता. कापूस आणि लिनन यांचे प्रमाण बदलून बनविलेल्या निरनिराळ्या कागदांवर एक डॉलरच्या नोटा छापल्या, आणि प्रत्येक कागदाला नोटांच्या क्रमांकातील वेगवेगळे अक्षर ठरवून दिले. एक्स, वाय आणि झेड. नोटेचा क्रमांक कोण वाचतो? वाण्याने वाचला नाही, गिऱ्हाइकाने वाचला नाही. अधिकाऱ्यांना मात्र त्यावरून कोणती नोट कोणत्या कागदाची हे सांगता येत होते.

पुढे महायुद्धाच्या काळात पुन्हा कागदाचा प्रयोग करावयाचे ठरले तेव्हा मात्र अधिकाऱ्यांनी वेगळी वाट धरली. एक डॉलरच्या नोटांचे दोन गट करण्यात आले. एका गटाचा कागद नेहमीचा आणि दुसऱ्याचा विशेष पद्धतीने बनविलेला. प्रत्येक गटात ११,८४,००० नोटा होत्या. नेहमीच्या कागदाच्या नोटेवर तांबड्या शाईत ‘आर’ हे अक्षर आणि विशेष कागदाच्या नोटेवर ‘एस’ हे अक्षर, मुद्रेच्या खाली उजव्या बाजूस, चांगले ठसठशीत छापले होते. २० जून १९४४ रोजी या नोटा चलनात आल्या. मांडणी शास्त्रशुद्ध होती यात शंका नाही. दोन्ही गटांची संख्या सारखी, काळ सारखा, किंमत सारखी. फरक केवळ कागदाचा. काही काळाने परत आलेल्या नोटा मोजावयाच्या आणि कोणता कागद अधिक टिकला ते ठरवावयाचे.

परंतु त्या मोजणीतून ठाम निष्कर्ष असा निघालाच नाही. निष्कर्ष न निघण्यास इतर कारणेही असतील. तथापि त्या तांबड्या अक्षराने परीक्षेची गंमत बिघडविली असावी असा आमचा तर्क आहे. ज्या नोटेवर काही वेगळे दिसते ती नोट माणूस खर्च करीत नाही, ती पाकिटाच्या आतल्या कप्प्यात सरकवतो. आपल्याकडेही क्रमांकाच्या शेवटी ७८६ असलेली नोट कित्येक घरांत वर्षानुवर्षे जपून ठेवलेली असते. अशी नोट मळत नाही, फाटत नाही आणि परतही येत नाही. कागदाचे गुणही तिच्यातून कळत नाहीत. त्या ‘आर’ आणि ‘एस’ नोटा आज संग्राहकांत चढ्या भावाने विकल्या जातात. इतकेच नव्हे, तर त्याच मालिकेतील साध्या नोटांवर तांबडे अक्षर उमटवून बनावट परीक्षा-नोटा तयार करणारेही निघाले. संग्राहकाला आता अक्षर पाहून भागत नाही, क्रमांक त्या ठरावीक मर्यादेत बसतो काय हे पडताळून पाहावे लागते. म्हणजे एक डॉलरची खरी नोट एक डॉलरला आणि तिच्यावरचे खोटे अक्षर त्याच्या कित्येक पटीला, असा हा उफराटा व्यवहार झाला. ज्या बट्ट्याने आपल्या आजोबांना गांजले, तो येथे उलट्या दिशेने लागला.

कागदाऐवजी काही निराळेच वापरावे हा विचार १९८० च्या सुमारास बळावला. अमेरिकेतील ड्यूपॉन्ट या कंपनीने पॉलिएथिलीनच्या बारीक तंतूंपासून टायव्हेक नावाचे एक द्रव्य बनविले होते. दिसावयास ते कागदासारखे, पण हाताने सहजी फाटत नाही आणि पाण्याने भिजत नाही. टिकाऊ पाकिटांसाठी ते प्रसिद्धच होते. मग नोटांसाठी का नको? अमेरिकन बँक नोट कंपनीने त्यावर नोटा छापल्या. एक्वेडोर, एल साल्वाडोर, होंडुरास आणि व्हेनेझुएला या देशांसाठी परीक्षा-नोटा तयार झाल्या, परंतु त्या चलनात आल्या नाहीत. प्रत्यक्ष चलनात आल्या त्या हैती आणि कोस्टारिका या दोन देशांत. ब्रिटनच्या ब्रॅडबरी विल्किन्सन या मुद्रकांनी याच द्रव्याला ब्रॅडव्हेक असे नाव देऊन १९८३ मध्ये आइल ऑफ मॅन या बेटासाठी एक पौंडाची नोट काढली.

प्रयोग फसला. द्रव्य बळकट होते, पण शाई त्यावर नीट ठरेना. हैती आणि कोस्टारिका हे उष्ण आणि दमट हवेचे देश. घामेजल्या हातांत नोटांची शाई पसरू लागली, छाप पुसट होऊ लागली. नोट फाटत नाही पण तिच्यावरचे वचनच पुसले जाते, याला टिकाऊपणा म्हणावे काय? अल्पावधीतच टायव्हेकचा नाद सोडून देण्यात आला.

या प्रकरणाचा विचार करताना एक गोष्ट आमच्या मनात सलते. हे द्रव्य ज्या देशात बनले त्या देशाने आपल्या डॉलरसाठी ते वापरले नाही. ते वापरले गेले मध्य अमेरिकेतील आणि कॅरिबियन समुद्रातील लहान देशांत, आणि तेथेही ज्यांच्या हातात नोट सर्वाधिक वेळा येते त्या बाजारकरणीच्या, मजुराच्या, फेरीवाल्याच्या हातांत. कोणी दुष्टपणाने असे केले असे आम्ही म्हणत नाही; नोटांची मागणी त्या सरकारांनीच नोंदविली होती. परंतु पुसट झालेली नोट दुकानदाराने नाकारली तर ती कोणाच्या हातात राहते? छापखान्याच्या नाही, कंपनीच्या नाही. ती ज्याच्या हातात त्या क्षणी असेल त्याच्याच हातात राहते. प्रयोगाच्या अपयशाचा बट्टा त्याने सोसावयाचा, आणि आपण कोणत्या प्रयोगात सामील झालो होतो हे त्याला ठाऊकही नसायचे. प्रयोगशाळेत फसलेला प्रयोग मोरीत ओतून देता येतो. बाजारात फसलेला प्रयोग कोणाच्या तरी त्या दिवसाच्या कमाईत जाऊन बसतो.

याच्या उलट, ऑस्ट्रेलियाची हकीकत धीराची आहे. तेथे १९६६ मध्ये दशमान पद्धतीचे नवे चलन आले आणि वर्ष संपण्यापूर्वीच दहा डॉलरच्या बनावट नोटा सापडल्या. बनावट नोटा काढणाऱ्यांची साधनेही फारशी भारी नव्हती. मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर कूम्ब्स यांनी देशाच्या वैज्ञानिक संशोधन संस्थेकडे धाव घेतली आणि १९६८ पासून तेथील शास्त्रज्ञ या कामाला लागले. त्यांत डेव्हिड सॉलोमन या रसायनशास्त्रज्ञांचे नाव प्रामुख्याने घेतले जाते. रंगीत छायाप्रती काढणाऱ्या यंत्रांचा काळ येऊ घातला होता. यंत्राला जे उतरविता येणार नाही असे काहीतरी नोटेत हवे होते. पाहण्याचा कोन बदलला की बदलणारे चित्र, हे ते काहीतरी. पण असे चित्र बसवावयाचे तर नोटेला पारदर्शक खिडकी हवी आणि खिडकीसाठी प्लॅस्टिक हवे. विचार करीत करीत शास्त्रज्ञ अखेर या टप्प्यावर आले की सगळी नोटच पॉलिप्रॉपिलीनच्या पारदर्शक पत्र्याची करावी आणि खिडकी सोडून बाकीच्या भागावर शाईचे थर द्यावेत. पहिले पेटंट १९७३ मध्ये नोंदविले गेले.

पेटंटापासून नोट चलनात येईपर्यंत आणखी पंधरा वर्षे गेली. जानेवारी १९८८ मध्ये, ऑस्ट्रेलियातील पहिल्या युरोपीय वसाहतीला दोनशे वर्षे झाल्याच्या निमित्ताने, दहा डॉलरची प्लॅस्टिकची स्मारक-नोट निघाली. तिच्या खिडकीत कॅप्टन कुकची छबी होती. या योजनेतील शहाणपण वाखाणण्यासारखे आहे. स्मारक म्हणून निघालेली नोट वेगळी दिसणारच, तेव्हा तिच्या वेगळेपणाने कोणी बिचकला नाही. जुन्या कागदी नोटा चालूच होत्या, तेव्हा कोणावर सक्ती झाली नाही. या एका नोटेच्या अनुभवातून जे शिकावयाचे ते शिकून घेतल्यावर १९९२ मध्ये पाच डॉलरची नेहमीची नोट आली, आणि १९९६ पर्यंत एकेक करीत सर्व नोटा प्लॅस्टिकच्या झाल्या. पहिल्या बनावट नोटेपासून हिशेब केला तर तीस वर्षे.

तरीही सर्व प्रश्न सुटले असे समजू नये. प्लॅस्टिकची नोट मळत नाही, पाण्याने खराब होत नाही. पण तिच्या काठाला एकदा चीर गेली की ती भराभर फाटत जाते, आणि गरम इस्त्री फिरली तर आकसून जाते. काही प्रश्न तर कोणत्याही यंत्राला कळण्यासारखे नसतात. २०१६ मध्ये इंग्लंडच्या मध्यवर्ती बँकेने पाच पौंडांची प्लॅस्टिकची नोट काढली, आणि त्याच वर्षी असे उघड झाले की त्या प्लॅस्टिकच्या कच्च्या मालात जनावराच्या चरबीचा सूक्ष्म अंश आहे. तेथील हिंदू मंडळी, शाकाहारी लोक आणि इतरही अनेकांनी हरकत घेतली. लाखाहून अधिक सह्यांचे निवेदन गेले. काही मंदिरांनी ती नोट दानात नको म्हणून सांगितले. बँकेने लोकांची मते मागविली, पर्याय तपासले आणि २०१७ मध्ये तेच द्रव्य पुढे चालू ठेवण्याचा निर्णय दिला. तो निर्णय पटो वा न पटो. नोट दुमडून, चुरगाळून, भिजवून पाहणाऱ्यांपैकी कोणाच्याही मनात, ही नोट कोणी देवापुढे ठेवील काय, हा प्रश्न आधी आला नाही एवढे मात्र खरे. देव्हाऱ्यापुढे नोट ठेवणाऱ्या घरातले कोणी त्या परीक्षक मंडळावर असते तर तो पहिल्याच दिवशी आला असता.

आता आपल्याकडे वळू. नाशिकच्या छापखान्यात १९२८ पासून नोटा छापल्या जाऊ लागल्या, परंतु कागद कितीतरी वर्षे इंग्लंडहून येत राहिला. होशंगाबादेत, म्हणजे आताच्या नर्मदापुरमला, नर्मदेकाठी कागदाचा सरकारी कारखाना उभा राहिला तो १९६० च्या दशकाच्या अखेरीस. पुढे १९७० च्या दशकात देवासला नोटांचा छापखाना झाला. तेथे नोटांची शाईही बनते. इंदूरच्या आपल्या वाचकांना देवासचा छापखाना म्हणजे शेजारघरच. नोट कोठल्याशा परक्या दूरदेशी जन्मते असे आपल्याला वाटते, पण कित्येक नोटांचा जन्म आपल्या माळव्यातला आहे.

प्लॅस्टिकच्या नोटांचा विचार आपल्याकडेही झाला. २०१४ च्या फेब्रुवारीत सरकारने संसदेत सांगितले की दहा रुपयांच्या शंभर कोटी प्लॅस्टिक नोटा पाच शहरांत परीक्षेसाठी आणावयाच्या आहेत. ही शहरे होती कोची, म्हैसूर, जयपूर, सिमला आणि भुवनेश्वर. निवड विचारपूर्वक होती. किनाऱ्याची दमट हवा, वाळवंटाजवळचा कोरडा उन्हाळा, डोंगरातली थंडी, असे निरनिराळे हवामान त्यात येत होते. किंमतही योग्यच निवडली होती. दहाची नोट जितक्या हातांतून जाते, तितक्या हातांतून पाचशेची जात नाही. पाचशेची नोट कपाटात विसावा घेते. दहाच्या नोटेला भाजीच्या पिशवीतून रिक्षाच्या गल्ल्यात आणि तेथून चहाच्या टपरीवर, अशी दिवसभर पायपीट असते. २०१६ च्या डिसेंबरात कच्चा माल मिळविण्याचे काम सुरू झाल्याचे संसदेत सांगण्यात आले; पुढे २०२४ मध्ये मात्र प्लॅस्टिकच्या नोटा आणण्याचा निर्णय झालेला नाही असे उत्तर आले. दरम्यान २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने दुसरा मार्ग सुचविला होता: नोट कापसाचीच ठेवावी, पण शंभराच्या नोटेवर व्हार्निशचा पातळ लेप देऊन तो परीक्षेदाखल पाहावा. नोटा छापण्याचा खर्च २०२३-२४ या एका वर्षात ५,१०१ कोटी रुपये झाला, हे लक्षात घेतले म्हणजे नोटेचे आयुष्य थोडे वाढविण्यासाठी एवढी खटपट का, याचा उलगडा होतो.

या खटपटीत आपलाही वाटा आहे. बँकांत नोटांच्या गड्ड्यांना टाचण्या ठोकण्याची रीत इतकी रुळली होती की २००१ मध्ये रिझर्व्ह बँकेला ती हुकूम काढून बंद करावी लागली. नवी नोट घेऊन तिला भोके पाडावयाची आणि मग नोटा टिकत नाहीत म्हणून हळहळावयाचे, हा आपला जुना खाक्या. नोटेवर हिशेब लिहिणे, तिची चार-सहा घड्यांची पुडी करून रुमालाच्या गाठीत बांधणे, ओल्या हाताने ती मोजणे, हेही आपलेच. नवे द्रव्य येवो अथवा न येवो, यांतील निम्म्या सवयी सोडल्या तरी जुनी नोट आणखी काही महिने जगेल.

परंतु केवळ टिकाऊपणा म्हणजे नोटेची परीक्षा नव्हे. आमच्या मते या विषयातील सर्वांत महत्त्वाचा परीक्षक म्हणजे दृष्टिहीन माणूस. त्याला नोट बोटांनीच वाचावी लागते. शंभर आणि त्याहून अधिक किमतीच्या नोटांवर त्याच्यासाठी उठावाच्या छपाईची खूण असते. शंभरावर त्रिकोण, पाचशेवर वर्तुळ. त्याखालच्या नोटा त्याने लांबीरुंदीच्या अदमासाने ओळखावयाच्या. नव्या कोऱ्या नोटेवरचा उठाव बोटाला लागतो. हाताळून हाताळून तो दबला की शंभराची नोट त्याच्यासाठी मुकी होते. आता या उठावावर व्हार्निशचा लेप दिला तर तो अधिक काळ टिकेल की लेपाखाली सपाट वाटू लागेल? प्लॅस्टिकवर तो किती दिवस राहील? नोट हजारदा दुमडणारे यंत्र याचे उत्तर देऊ शकत नाही. ते उत्तर फक्त त्या माणसाची बोटे देऊ शकतात. म्हणून अशा प्रत्येक परीक्षेत दृष्टिहीनांना नोट छापून झाल्यावर नव्हे, तर नमुना ठरण्यापूर्वीच बसवावे. तसेच मासळी बाजारातील कोळिणीला, देवळाच्या पेटीतले पैसे मोजणाऱ्या पुजाऱ्याला, बसच्या वाहकालाही विचारावे. त्यांच्याकडे पदवी नसेल, पण दिवसाकाठी शेकडो नोटा त्यांच्या हातांखालून जातात.

आणि विचारण्याबरोबर त्यांना सांगावेही. परीक्षा-नोट लपून राहिली तर हिशेब अचूक होतो हे खरे. एक्स-वाय-झेडच्या नोटांनी ते दाखवून दिले. पण ती लपवून ठेवण्याचा अधिकार तेव्हाच पोहोचतो, जेव्हा ती फसली तरी घेणाऱ्याचे नुकसान होणार नाही अशी हमी आधीच दिलेली असते. नव्या द्रव्याची नोट पुसट झाली, चिरली, आकसली, तर कोणत्याही बँकेत ती विनातक्रार पूर्ण किमतीला बदलून मिळेल, ही ग्वाही त्या त्या भाषेत, त्या त्या बाजारात पोहोचली पाहिजे. तेवढे झाले की परीक्षा नोटेची राहते, ती घेणाऱ्या माणसाची होत नाही.

आपल्या नोटेच्या मागच्या बाजूस एका चौकटीत पंधरा भाषांत तिची किंमत लिहिलेली असते. त्यात एक ओळ मराठीची आहे. हैदराबादेत असो, बडोद्यात असो वा ग्वाल्हेरीत, ती ओळ तेवढेच रुपये सांगते, आणि शेजारच्या तेलुगू, गुजराती, उर्दू ओळीही तेवढेच सांगतात. आपल्या आजोबांना सराफाच्या पेढीवर हाली आणि कलदार यांतला जो फरक भरून द्यावा लागे, तो या चौकटीने मिटविला. उद्या एकाच किमतीच्या दोन नोटा, एक कापसाची आणि एक प्लॅस्टिकची, आपल्या हाती आल्या आणि दुकानदार त्यांतली एक नाकारू लागला, तर द्रव्य कितीही टिकाऊ असले तरी ती परीक्षा-नोट नापास झाली असेच आपण समजावे.